गोडं पाणी

पिल्लं आठव्या दिवशी मरायची.

सातव्या दिवसापर्यंत कसलीच तक्रार नसायची. बाहेरून काळा कागद लावलेल्या टबात शे-दीडशे डोळे इकडून तिकडे फिरत असायचे, कारण त्या वयात क्लाउन माशाचं पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि मागे केसाएवढी शेपटी, बस. आठव्या दिवशी सकाळी बॅप्टिस्ट टॉर्च घेऊन वाकला की तळाशी भुरकट साय बसलेली दिसायची. ती साय म्हणजेच पिल्लं. मग तो रबरी नळीने ती ओढून बादलीत घ्यायचा, चिकूच्या बुंध्याशी ओतायचा आणि दिवसभर कोणाशी धड बोलायचा नाही.

असं चार वेळा झालं होतं. पाचवी खेप टबात होती आणि येत्या रविवारी तिचा आठवा दिवस होता.

माणसं कुत्री पाळतात, कोंबड्या पाळतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने खाऱ्या पाण्यातल्या नखाएवढ्या माशांची पिल्लं जगवायचा ध्यास घ्यावा, याचं मात्र आळीला नवल वाटायचं. पण बॅप्टिस्टला ओळखणाऱ्याला वाटलं नसतं. हा हाताला गुण असलेला माणूस. हे त्याचं म्हणणं नव्हे, आळीचं. तीस वर्षं तो पोस्टात पत्रं लावून घरी यायचा आणि चहासुद्धा न घेता वाडीत शिरायचा. त्याची पानवेल कधी जळली नाही. त्याच्या केळीचा घड उतरवायला दोन माणसं लागायची. दुसऱ्याच्या वाडीत एखादं कलम धरत नसलं की बोलावणं यायचं, "बॅप्टिस्ट, तू येऊन नुसता हात लाव." आणि तो मोठ्या मनाने सगळं श्रेय विहिरीला द्यायचा. "हात कसला घेऊन बसलात? पाणी गोडं आहे आमचं." विहीर त्याच्या आजोबांनी खणलेली, त्यामुळे श्रेय कुठेही दिलं तरी घरातच राहायचं.

गेल्या सहा-सात वर्षांत ती वाडी बसली. आधी पानवेल गेली, मग केळी पिवळी पडून उभ्या उभ्या वाळल्या, मग मोगऱ्याची पानं कडेने करपायला लागली. दर वेळी बॅप्टिस्टकडे कारण तयार असायचं. पानवेलीला रोग आला, केळीचे कंद खराब निघाले, मोगऱ्यावर पलीकडच्या बांधकामाची धूळ बसते. कारणं सगळी वेगवेगळी आणि सगळी बाहेरची. आजूबाजूच्या वाड्यांतून वीस वर्षं टँकर भरभरून नालासोपाऱ्याच्या, आचोळ्याच्या बिल्डिंगांना गेले होते. समुद्र इथून मैलभरावर. जमिनीखालचं गोडं पाणी उपसलं की त्या जागी कोण येऊन बसतं, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बॅप्टिस्टलाही कळत होतं. फक्त दुसऱ्यांच्या विहिरींबद्दल.

मासे आले ते जेसनमुळे. जेसन त्याच्या बहिणीचा मुलगा, माणिकपूरला त्याचं माशांचं दुकान. दोन वर्षांपूर्वी त्याने दुकान लहान जागेत हलवलं तेव्हा एक टाकी आणि तिच्यातली जोडी मामाकडे आणून ठेवली. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. मादी मोठी आणि भांडकुदळ, नर लहान आणि सोशिक. बॅप्टिस्टने टाकीत जुन्या घराच्या कौलाचा तुकडा ठेवला आणि काही महिन्यांतच मादीने त्याच्यावर अंडी घातली. नर दिवसभर त्या अंड्यांना परांनी वारा घालत बसायचा आणि मादी टाकीभर हिंडायची.

मार्गारेट खुर्चीत बसून ते बघायची आणि म्हणायची, "बघ, शिक काहीतरी."

मार्गारेट त्याची बायको. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. आताशा तिचा दिवस त्या खुर्चीतच जायचा. पाय सुजायचे, दम लागायचा, ब्लडप्रेशर काही केल्या उतरायचं नाही. माणिकपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं की किडन्या थकल्या आहेत आणि मीठ बंद. बॅप्टिस्टने ते इतकं मनावर घेतलं की घरातला मिठाचा डबाच शेजारी देऊन टाकला. सुकी मासळी बंद, लोणचं बंद, पापड बंद. तरी दर महिन्याला डॉक्टर कागद बघून विचारायचा, "नक्की मीठ खात नाही ना?" आणि बॅप्टिस्ट जवळजवळ भांडायला उठायचा.

पहिली खेप मेली तेव्हा मार्गारेटच त्याला म्हणाली होती, "पट्टा कदी येतो त्यांना?"

"दहाव्या-अकराव्या दिवशी. डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. तो आला की पिल्लू जगलं म्हणायचं."

"मंग एक तरी पट्टा आलेलं मला दाखव. तुझ्या हाताने आता काय उगवत नाय असं लोक बोलतात. मला नाय आवडत ते."

लोक बोलतात हे बॅप्टिस्टला माहीत होतं. तिच्या कानापर्यंत गेलं हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून पिल्लांचा खेळ राहिला नाही. एक तरी पट्टा तिला दाखवायचा, आणि ती आहे तोवर दाखवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

त्याने कसूर कुठेच केली नाही. अंडी फुटायच्या दिवशी तो चर्चच्या संध्याकाळच्या घंटेलाच खिडक्यांना चादरी लावायचा, कारण अंधार पडल्याशिवाय ती फुटत नाहीत. पिल्लांना खायला डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात, त्यांना रोटिफर म्हणतात. ते त्याने पडवीत बरण्या मांडून हिरव्या पाण्यात वाढवले. टबाचं पाणी आटलं की त्यात गोडं पाणी थेंबथेंब सोडायचं, म्हणजे खारेपणा तेवढाच राहतो, हेही तो चुकवायचा नाही. खारेपणा मोजायला जेसनने एक नळी दिली होती. तिच्या तिरक्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायची आणि डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, आणि मधली रेषा ज्या आकड्यावर तो खारेपणा.

"मामा, दर वेळी आधी काचेवर गोडं पाणी टाकायचं," जेसनने फोनवर समजावलं होतं. "स्क्रू फिरवून लाइन झिरोवर आणायची. मग टबातलं टाकून बघायचं. पस्तीस पाहिजे. सिंपल."

"गोडं पाणी. समजलं," बॅप्टिस्ट म्हणाला होता.

नळीबरोबर एक चिमुकली सीलबंद बाटलीही आली होती. वर इंग्रजीत डिस्टिल्ड वॉटर लिहिलेलं. बॅटरीत घालायचं पाणी ते. माशांच्या दुकानातून हे कशाला आलं असेल असा विचार बॅप्टिस्टने क्षणभर केला आणि वाया जाऊ नये म्हणून ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतून टाकलं. गोडं पाणी बाटलीतून आणायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. तो विहिरीवर गेला, पोहरा सोडला आणि दोन थेंब काचेवर टाकून रेषा शून्यावर बसवली.

त्याच विहिरीचं पाणी मार्गारेट प्यायची. स्वयंपाकाला नळाचं, प्यायला विहिरीचं, हा त्या घरचा कायदा होता. मुलगी रोवेना बडोद्याहून फोनवर सांगून सांगून थकली की पप्पा, फिल्टर बसवा. रोज सकाळी प्रार्थना झाली की बॅप्टिस्ट तांब्या भरून आणायचा, ग्लास तिच्या हातात द्यायचा आणि ती दोन घोट घेईपर्यंत समोर उभा राहायचा. संध्याकाळी पुन्हा तसंच.

"कसं आहे?"

"गोडं."

एवढं ऐकलं की त्याचा दिवस मार्गी लागायचा. स्वतःच्या जिभेवर त्याचा भरवसा उरला नव्हता. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो अठरा दिवस पडून होता. उठला, पण जीभ मागेच राहिली. आंबट, खारट, तिखट सगळं सारखंच लागायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. जेवताना तोंडभरून तारीफ करायची म्हणजे कोणाला कळत नाही, असा त्याचा समज होता.

गेली दोन वर्षं आलेले पाहुणे पाणी घ्यायचे नाहीत, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. "आत्ताच पिऊन आलो," म्हणायचे. चहा मात्र चालायचा. लोकांच्या सवयी बदलल्या, असं तो मार्गारेटला म्हणाला होता, आणि मार्गारेट खिडकीतल्या अबोलीच्या कुंडीकडे बघत राहिली होती.

ईस्टर होऊन लग्नं सुरू झाली. प्रिस्का सांगायला आली. प्रिस्का त्याच्या चुलतभावाची बायको, आणि तिच्या मुलाचं, ॲल्रॉयचं, लग्न रविवारी.

"शनिवारी उंबराचं पाणी न्यायला येऊ, भावजी," ती म्हणाली. "वाजतगाजत."

लग्नाच्या आदल्या दिवशी बायकांनी बँड लावून विहिरीवर जायचं, कळशीभर पाणी आणायचं आणि त्या पाण्याने नवरदेवाला किंवा नवरीला आंघोळ घालायची, ही इथली जुनी रीत. आळीतल्या तीन पिढ्यांनी ते पाणी बॅप्टिस्टच्याच विहिरीचं नेलं होतं.

"या की. आमची नाय तर कोणाची विहीर?" बॅप्टिस्ट म्हणाला.

"तेच तर," असं म्हणून प्रिस्काने मार्गारेटकडे पाहिलं, आणि मार्गारेटने मान खाली घातली. बॅप्टिस्टला त्यात काही दिसलं नाही. त्याला आनंद झाला होता. वाडी गेली तर गेली, विहिरीचा मान राहिला आहे.

"मासे कसे आहेत?" प्रिस्काने उठता उठता विचारलं.

"रविवारी आठवा दिवस."

"मीपण मेणबत्ती लावते," ती म्हणाली.

शनिवारी ऊन उतरल्यावर बँड आला. पुढे वाजवणारे, मागे बायका, त्यातल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी तांबडी लुगडी नेसलेली. बॅप्टिस्टने सकाळीच विहिरीचा काठ धुऊन घेतला होता आणि रहाटाला तेल दिलं होतं. मार्गारेटची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली होती. बायकांनी काठावर मेणबत्ती लावली, गाणी म्हटली, एकमेकींच्या थट्टा केल्या. पोहरा बॅप्टिस्टने स्वतः ओढला. एप्रिलमुळे पाणी खाली गेलं होतं, दोर हाताला काचला, पण त्याने तो दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही. कळशी भरली. प्रिस्काने ती डोक्यावर घेतली आणि मिरवणूक वाजत गेटाबाहेर पडली.

ओट्यावर एक पितळी गडू राहिला होता, प्रिस्काचा. आता जेमतेम कोपऱ्यावर पोचल्या असतील म्हणून बॅप्टिस्ट तो घेऊन मागोमाग निघाला. बँड एकदम थांबला होता. बावखलाच्या वळणावर, जिथे त्या जुन्या तळ्याच्या कडेची रानभेंडीची झाडं रस्त्यावर वाकली आहेत, तिथे सगळे उभे होते. वाजवणाऱ्यांनी वाद्यं खाली धरली होती. प्रिस्काने कळशी डोक्यावरून उतरवली, दोघींनी ती तिरकी केली आणि पाणी झाडाच्या मुळाशी ओतून दिलं. शेजारी स्कूटरवर विकतच्या पाण्याचा निळ्या बुचाचा जार होता. एक मुलगी तो कळशीत रिकामा करायला लागली.

"आंटी, थोडं त्यांचं ठेवलं असतं ना," ती म्हणाली. "मिक्स केलं असतं."

"नको गो. अंग चिकट होतं त्याने. जीनाच्या लग्नात नवरी दोनदा परत न्हायली." प्रिस्काने कळशीचा काठ पदराने पुसला. "आणि हळू. बॅप्टिस्टच्या गेटापर्यंत आवाज जातो. गरीब माणूस आहे, त्याला कळायला नको."

बॅप्टिस्ट वळणाअलीकडच्या कुंपणाच्या भिंतीमागे होता. तो पुढे गेला नाही. आपली लाज वाटावी की त्यांचा राग यावा हे त्याला उमगेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी ते त्याला जपण्यासाठी केलं होतं, आणि तेच त्याला सोसवेना. म्हणजे गेल्या वर्षीही असंच. म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक. कळशी पुन्हा डोक्यावर चढली, बँड सुरू झाला, आणि गडू हातात तसाच धरून तो घरी परतला.

मार्गारेटने ओट्यावरून विचारलं, "दिलास?" तो सरळ आत गेला.

त्याने नळी काढली. सकाळीच तिची रेषा विहिरीच्या पाण्याने शून्यावर बसवलेली होती. त्याने स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याचे दोन थेंब काचेवर टाकले आणि खिडकीशी जाऊन डोळा लावला. रेषाच दिसेना. पांढरं कुठे नाहीच, सगळं निळं. काच पुसून त्याने पुन्हा थेंब टाकले. पुन्हा निळं. नळी बिघडली या आशेने त्याने जेसनला फोन लावला.

"लाइन झिरोच्या खाली गेली असेल मामा," जेसन म्हणाला. "झिरो कशाने केलेला?"

"गोड्या पाण्याने. तूच सांगितलं होतंस."

"कुठल्या गोड्या?"

"आपल्या विहिरीच्या."

पलीकडून फक्त जेसनच्या दुकानातली कुठल्यातरी टाकीची घरघर ऐकू येत राहिली.

"मामा, मी बाटली दिली होती ना?"

"ती इन्व्हर्टरला घातली."

"ओके," जेसन हळूच म्हणाला. "नळाच्या पाण्याने झिरो करा. मग एकेक टाकून मला सांगा."

बॅप्टिस्टने स्क्रू फिरवला. निळ्याच्या खालून पांढरं वर आलं आणि रेषा शून्यावर बसली. मग त्याने तांब्यातलं पाणी काचेवर टाकलं, सकाळी मार्गारेटला दिलेलं. रेषा चढली आणि चारावर थांबली. टबातलं टाकलं. एकोणचाळीस.

"टबाचं पाणी बनवलं कशात? तेपण विहिरीच्या?"

"हो."

"आणि आटलं की वरून तेच." जेसनने श्वास सोडला. "मामा, माझी मिस्टेक आहे. आमच्या धंद्यात गोडं पाणी म्हणजे खारं नसलेलं कुठलंपण. मला वाटलं तुम्ही जारचं वापरता. आठव्या दिवसाला पिल्लू आख्खं बदलायला लागतं, सगळी ताकद त्यातच जाते. आधीच दमलेलं असेल तर नाही झेपत. आणि चार म्हणजे नुसतं मीठ नाही, बाकी काय काय उतरलं असेल त्यात कोणाला माहीत. आत्ता जार आणा. पण एकदम ओतू नका, रात्रभर थेंब थेंब सोडा."

पाच दुकानं सोडून जारवाला होता. बॅप्टिस्टने जार खांद्यावर घेतला आणि भर संध्याकाळी, सगळी आळी लग्नाच्या मांडवाकडे निघालेली असताना, मधल्या रस्त्याने घरी आणला. लोकांनी वाट दिली. कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून पावलोपावली त्याला कळत गेलं की यांतला एकही जण बघून चकित झालेला नाही.

टबावर बारीक नळी बांधून, थेंब सुरू करून तो उठला. मार्गारेटला त्याने आधीच आत आणून तिची खुर्ची टाकीसमोर ठेवली होती. तो तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला. तिचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर होते, सुजून तकतकीत झालेले. त्याने अंगठ्याने घोट्यावर दाबलं. खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला.

"विहीर खारी झाली आहे," तो म्हणाला.

"हं."

"तुला माहीत होतं?"

"हं."

"कदीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. आधी थोडी होती. आता जास्त."

"मंग बोलली का नायस? मी रोज दोन वेळा तुला..." त्याचा आवाज चढला. "डॉक्टर मीठ बंद म्हणून सांगतो, मी घरातला डबा देऊन टाकतो, आणि मीच तुला... कसं आहे विचारतो तर गोडं सांगतेस! अगो, गोडं?"

मार्गारेटने टाकीकडे पाहिलं. तिथे नर रिकाम्या कौलाच्या तुकड्याशी उगाच घुटमळत होता.

"तू बरा होऊन आलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कढी केली," ती म्हणाली. "मीठ घालायला विसरले. तू दोन वाट्या प्यालास आणि बोललास, अशी कढी कदी झाली नाय. तेव्हाच मला कळलं. तुझी जीभ गेली. वाडी तर गेलीच होती. त्याच्यावर आता विहीर पण गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू? रोज ग्लास देऊन समोर उभा राहायचास. माझ्या तोंडाकडे बघत. माझ्या जागी तू असतास तर तू पण नसतं सांगितलंस."

"पण तुझ्या किडन्या गो."

"अर्धा ग्लास अबोलीला घालायचे, तू वळलास की," ती म्हणाली. "म्हणून ती अशी करपली. तू म्हणायचास ऊन लागतं."

बॅप्टिस्टने तिच्या पायांवर डोकं टेकलं. मांडवाकडून बँडचा आवाज येत होता. ॲल्रॉयला आता आंघोळ घालत असतील, असं मार्गारेट म्हणाली, आणि तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. थेंब रात्रभर पडत राहिले.

रविवारी आठवा दिवस. बॅप्टिस्ट चर्चमधल्या लग्नाच्या मिसालाही गेला नाही. सकाळी तळाशी साय होती, आणि दुपारी आणखी होती. त्याने ती ओढून चिकूला घातली. सोमवारी तो मार्गारेटला घेऊन डॉक्टरकडे गेला आणि विहिरीचं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं. बॅप्टिस्टने विचारलं, आता ते पाणी बंद केलं तर सुधारेल का. डॉक्टर म्हणाला, पाय थोडे उतरतील. किडन्यांचं जे गेलं ते गेलं. तो रागावला नाही, आणि बॅप्टिस्टला वाटत होतं की त्याने रागवावं.

मंगळवारी टबात मोजून एकोणीस डोळ्यांच्या जोड्या उरल्या होत्या. बुधवारी सकाळी बॅप्टिस्टने टॉर्च लावला आणि तसाच वाकून राहिला. पिल्लं आता नुसते डोळे राहिली नव्हती. अंगाला फिकट नारिंगी रंग भरला होता, आणि त्यांतल्या एकाच्या डोक्यामागे, अगदी बारीक, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. मग त्याला दुसरं दिसलं. मग तिसरं.

त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, छाती भरून आली. आणि लगोलग ती खालीही बसली. इतके महिने त्याला हा पट्टा हवा होता तो मार्गारेटला आणि लोकांना दाखवायला की बघा, हात शाबूत आहे, पाणी शाबूत आहे. आणि पट्टा आला तो जारच्या पाण्यात. तो आला यानेच सिद्ध झालं की चारही खेपा त्याच्या विहिरीने मारल्या होत्या, पानवेलही तिनेच, केळीही तिनेच. आणि पुढचं नाव मनात येऊ लागलं तसा तो घाईने उठला.

त्याने पांढऱ्या कपात एक पिल्लू अलगद उचललं आणि मार्गारेटसमोर धरलं. तिने चष्मा वर केला, कपात डोकावली, बराच वेळ बघितलं.

"आला रे," ती म्हणाली. "खराच आला. तुझा हात..."

"हात नाय. जार आहे."

"पिल्लांना रोज कोण उठत होतं पहाटे? जार?"

कप टाकीवर ठेवून तो आत गेला आणि तिच्या सकाळच्या पाण्याचा ग्लास जारमधून भरून घेऊन आला. गेले तीन दिवस तो ग्लास तिच्याजवळ नुसता ठेवून निघून जात होता. आज पट्ट्याच्या नादात तो पूर्वीसारखा समोर उभा राहिला. मार्गारेटने ग्लास तोंडाला लावला, थांबली नाही, अबोलीकडे पाहिलं नाही, सगळा संपवला.

"कसं आहे?"

सवयीने तोंडातून गेलं. गेल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली.

मार्गारेटने रिकामा ग्लास मांडीवर धरला. तीन वर्षं हा प्रश्न आला की तिचं उत्तर तयार असायचं, एका क्षणाचाही उशीर व्हायचा नाही. आज पाणी खरोखरच गोडं होतं, आणि तो एक शब्द तिच्या तोंडून निघेना. तिने दोनदा प्रयत्न केला.

"बरं आहे," ती म्हणाली, आणि विहिरीकडच्या खिडकीला पाठ करून रडायला लागली.